जुन्या सीएनसी मिलिंग मशिनचे रेट्रोफिट: कंट्रोलरपलीकडचा हिशेब

१९५२ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेने पहिले संख्यानियंत्रित मिलिंग मशिन जाहीरपणे चालवून दाखवले. मूळ कल्पना हेलिकॉप्टरची पाती बनवणाऱ्या जॉन पार्सन्स यांची, पैसा अमेरिकी हवाई दलाचा आणि इलेक्ट्रॉनिक्स एमआयटीचे, एवढे बहुतेकांनी वाचलेले असते. पण ते मशिन नव्याने बांधलेले नव्हते, हा तपशील बहुधा राहून जातो. सिनसिनाटीचे हायड्रो-टेल हे बाजारात मिळणारे उभ्या स्पिंडलचे मशिन घेतले, त्याची मूळची नियंत्रणव्यवस्था बदलली आणि शेकडो व्हॅक्यूम ट्यूब व रिले भरलेली कपाटे त्याला जोडली. म्हणजे सीएनसीच्या वंशावळीतला मूळ पुरुषच रेट्रोफिट होता. एखाद्याने ‘जुन्या मशिनवर नवी कंट्रोल म्हणजे जुगाड’ असे म्हटले की हे आठवायला हरकत नाही.

आज हा रेट्रोफिटचा प्रश्न भोसरीत येतो, सातपूरला येतो, कोल्हापूरच्या शिरोलीत येतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे जपानी किंवा जर्मन व्हीएमसी, कधी नवे घेतलेले, बऱ्याचदा सेकंडहँड आणलेले. एका सकाळी स्क्रीन काळा राहतो. बोर्ड दुरुस्तीला जातो, परत येतो, महिन्याने पुन्हा जातो. शेवटी मालक रेट्रोफिट करणाऱ्याला बोलावतो आणि पहिला प्रश्न विचारतो: फॅनुक बसवायचा की सीमेन्स? माझ्या मते हा प्रश्न यादीत शेवटी असायला हवा. कंट्रोलर कोणता हे ठरण्याआधी मशिनचे लोखंड, त्याच्या मोटर आणि ड्राइव्ह, आणि टूल चेंजरमागचे तर्कशास्त्र या तीन गोष्टींचा निकाल लागला पाहिजे. तो लागला की कंट्रोलरचे नाव बऱ्याचदा आपोआप ठरते.

लोखंडापासून सुरुवात करू. मशिनचे सगळे भाग एकाच वेगाने म्हातारे होत नाहीत. ओतीव बेड आणि कॉलम यांना वयाचे भय फारसे नसते. ओतकामानंतरचे अंतर्गत ताण वर्षानुवर्षांत निवळतात, आणि त्या काळची ओतकामे वजनाला सढळ असत. स्लाइड, बॉल स्क्रू, स्क्रूच्या टोकांची बेअरिंग आणि स्पिंडलची बेअरिंग झिजतात, पण हळूहळू आणि मोजता येईल अशी. इलेक्ट्रॉनिक्स मात्र एकदम मरते. पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात, जुन्या ट्यूबच्या स्क्रीनला बदली मिळत नाही, आणि पॅरामीटर जपणारी बॅटरी कुणी वेळेवर बदलली नाही तर मशिन स्वतःची ओळखच विसरते. अक्षाची लांबी किती, स्क्रूची पिच किती, रेफरन्स कुठे, सगळे पुसले जाते. असे ‘मेलेले’ मशिन कित्येकदा फक्त पॅरामीटर भरून उठते. दाराच्या आतल्या बाजूला मूळ पॅरामीटर यादी चिकटवलेली असेल तर तिचा फोटो आजच काढून ठेवा. रेट्रोफिटचा खर्च टाळणारा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

झीज मोजण्याची संधी जुनी कंट्रोल चालू असतानाच असते, आणि नेमकी तेव्हा कुणी मोजत नाही. बॉलबार लावून दोन्ही दिशांनी वर्तुळ चालवले की बॅकलॅश, दोन अक्षांमधला काटकोन, उलट फिरताना उठणारे काटे, सगळे एका आलेखात दिसते. आयएसओ २३०-४ हे मानक त्याच चाचणीचे आहे. बॉलबार नसेल तर डायल, टेस्ट बार आणि शंभर वेळा वर-खाली करण्याची चिकाटी पुरते. टेबलाच्या मध्यावर आणि दोन्ही टोकांना बॅकलॅश वेगवेगळा आला, तर स्क्रू मध्ये झिजला आहे असे समजावे, कारण बहुतेक जॉब मध्यावरच लागतात. असा बॅकलॅश कंट्रोलमध्ये एक आकडा भरून जात नाही. एका जागी बरोबर केला की दुसऱ्या जागी चुकतो.

इथे एक लोकप्रिय गैरसमज आहे. ‘ग्लास स्केल बसवू, मग स्क्रूची झीज कंट्रोलरच सांभाळेल’ हे वाक्य कोटेशनमध्ये नेहमी दिसते. मोटरच्या मागचा एन्कोडर स्क्रूमधला ढिलेपणा पाहू शकत नाही आणि टेबलाला लावलेली स्केल तो पाहते, इथपर्यंत खरे आहे. पण पोझिशन लूप स्केलवर बंद केला आणि मोटर व टेबल यांच्यामध्ये ढिली जोडणी राहिली, तर कंट्रोलर टेबलाला जागेवर आणण्यासाठी मोटर पुढे ढकलतो, ढिलाई संपताच टेबल धक्क्याने जास्त जाते, मग तो मागे ओढतो. अक्ष जागच्या जागी गुरगुरत राहतो. ते थांबवायला गेन कमी केला की मशिन सुस्त होते आणि कोपरे गोल कापते. स्केल चांगल्या यांत्रिकीला आणखी चांगले करते, वाईटाला झाकत नाही. स्लाइडला स्क्रेपिंग हवे असेल आणि स्क्रू बदलायचा असेल, तर ते काम कंट्रोलच्या आधी करायचे. त्याचा खर्च परवडत नसेल तर रेट्रोफिटही परवडत नाही, एवढा रोखठोक निर्णय घ्यावा लागतो.

लोखंड उत्तीर्ण झाले म्हणून लगेच सगळे उपटायची गरज नाही. कधी कधी तक्रार फक्त मेमरीची असते. जुन्या कंट्रोलची मेमरी कागदी टेपच्या मीटरमध्ये सांगत: टेपवर इंचाला दहा अक्षरे, म्हणून ८० मीटर म्हणजे साधारण ३१,५०० अक्षरे. मोल्डच्या पृष्ठभागाचा एक प्रोग्रॅम आज याच्या शंभरपट असतो. तो आरएस-२३२ केबलमधून ९६०० बॉडने थेंबथेंब पाठवला तर सेकंदाला साडेनऊशेच्या आसपास अक्षरे जातात. एक ब्लॉक पंचवीस अक्षरांचा आणि एक पाऊल ०.१ मिलिमीटरचे धरले, तर फीड मिनिटाला जेमतेम २३० मिलिमीटर मिळतो. प्रोग्रॅममध्ये दोन हजार लिहिला तरी तेवढाच. साधे ड्रिलिंग-टॅपिंग आणि ब्रॅकेट करणाऱ्या कारखान्याला याने काही फरक पडत नाही. त्याने ट्यूबच्या जागी एलसीडी बसवावा, टेप रीडरच्या जागी यूएसबी घेणारा बोर्ड लावावा आणि मशिन चालवत राहावे. मोल्ड-डायवाल्याला मात्र पुढचे शेकडो ब्लॉक आधीच वाचून वेग ठरवणारी कंट्रोल हवीच. त्याच्यासाठी रेट्रोफिट म्हणजे दुरुस्ती नसून नवी क्षमता आहे.

आता या विषयातला सगळ्यात रंजक भाग. मशिन जितके जुने तितके रेट्रोफिट अवघड, असे वाटते. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाबतीत ते बरेचदा उलटे आहे. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या मशिनमध्ये कंट्रोलर आणि ड्राइव्ह यांचे बोलणे एका साध्या व्होल्टेजवर चाले: उणे १० ते अधिक १० व्होल्ट. शून्य म्हणजे थांब, अधिक म्हणजे पुढे, उणे म्हणजे मागे, आणि आकडा म्हणजे वेग. ड्राइव्ह मोटरवरच्या टॅकोजनरेटरकडे बघून तो वेग राखी आणि कंट्रोलर एन्कोडर वाचून जागा राखी. जबाबदाऱ्यांची ही वाटणी इतकी स्वच्छ होती, की हा सिग्नल कुठल्याही दुकानात चालणाऱ्या नोटेसारखा होता. कंट्रोलर एका कंपनीचा, ड्राइव्ह दुसरीचा, मोटर तिसरीची, तरी मशिन चाले. म्हणून १९८४ च्या डीसी सर्व्होवाल्या मशिनची मोटर आणि ड्राइव्ह ठणठणीत असतील, तर ती तशीच ठेवून फक्त कंट्रोलर बदलता येतो. मोटरचे ब्रश बदलायचे, कार्बनची भुकटी साफ करायची, टॅकोचे ब्रशही विसरायचे नाहीत. फक्त एक सावधगिरी: आल्निको चुंबकांच्या जुन्या डीसी मोटरचा आर्मेचर कौतुकाने बाहेर ओढू नये. चुंबकीय मार्ग तुटला की चुंबकाचा जोर कायमचा उतरतो, आणि मोटर दिसायला तशीच पण टॉर्कला अर्धमेली होते.

पुढे डिजिटल सर्व्हो आले आणि ही खुली पद्धत मिटत गेली. फॅनुकच्या डिजिटल सर्व्होत करंट लूपसुद्धा कंट्रोलरच्या आत गेला. ड्राइव्हकडे वेगाचा आदेश जाण्याऐवजी थेट ट्रान्झिस्टर उघडण्या-मिटण्याचे पल्स जाऊ लागले. अशा ड्राइव्हला दुसऱ्या कंपनीचा कंट्रोलर काय सांगणार? नंतर ऑप्टिकल फायबर आले, एन्कोडर सीरियल झाले, प्रत्येकाची भाषा खासगी. सीमेन्सच्या सिमोड्राइव्ह ६११ कुटुंबात हे एकाच कपाटात दिसते: ६११ए हा ॲनालॉग, उणे-अधिक १० व्होल्ट घेणारा, ६११डी डिजिटल, फक्त आपल्याच कंट्रोलच्या बसवर बोलणारा. बाहेरून भाऊ वाटतात. पहिला नव्या कंट्रोलरसोबत नांदतो, दुसऱ्याला कंट्रोलबरोबरच निवृत्त व्हावे लागते. म्हणून १९९८ चे मशिन १९८४ च्या मशिनपेक्षा महाग रेट्रोफिट ठरू शकते: त्यात मोटर, ड्राइव्ह, केबल सगळेच जाते. सेकंडहँड मशिन घेताना वर्षापेक्षा पॅनेल उघडून ड्राइव्हची पाटी वाचणे जास्त कामाचे.

एन्कोडर आणि स्केलच्या बाबतीतही हाच सासुरवास. हायडेनहाइनच्या जुन्या स्केल मायक्रोअँपिअरमधला करंट सिग्नल देतात, नंतरच्या एक व्होल्टचा साइन सिग्नल, तर बऱ्याच नव्या कार्डांना चौकोनी टीटीएल पल्स हवे असतात. मध्ये रूपांतर करणारी पेटी लावून काम भागते, पण ती कोटेशनमध्ये धरलेली नसते आणि मग ‘एक्स्ट्रा’ म्हणून येते.

तिसरी गोष्ट क्षणभर बाजूला ठेवून आता कंट्रोलरकडे वळू. बाजारात ढोबळमानाने दोन वाटा आहेत. एक, फॅनुक, सीमेन्स, मित्सुबिशी, हायडेनहाइन, फॅगोर यांच्यापैकी एकाचे कंट्रोल-ड्राइव्ह-मोटर असे पूर्ण पॅकेज. ते महाग आहे, पण दोन-तीन पाळ्या चालणाऱ्या मशिनला, ज्याच्यावर एखाद्या मोठ्या वाहन कंपनीचे डिलिव्हरी शेड्यूल लटकलेले आहे, त्याला मी दुसरे काही सुचवणार नाही. ऑपरेटरला ते येते, सुटे भाग मिळतात, सर्व्हिस इंजिनिअर फोनवर भेटतो.

दुसरी वाट पीसीवर चालणाऱ्या खुल्या कंट्रोलची. तिच्याबद्दल आपल्याकडे एकतर भक्ती असते नाहीतर तुच्छता, आणि दोन्हींचे कारण अपुरी माहिती. लिनक्ससीएनसी हे नाव ऐकले की अनेकांना छंदिष्टांचे लाकडी राउटर आठवतात. त्याचे मूळ मात्र अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेत आहे. १९९० च्या दशकात तिने एन्हान्स्ड मशिन कंट्रोलर, म्हणजे ईएमसी, नावाचा प्रकल्प चालवला आणि तो जनरल मोटर्सच्या पॉवरट्रेन विभागात केअर्नी अँड ट्रेकर ८०० या चार अक्षांच्या आडव्या मशिनिंग सेंटरवर बसवून पाहिला. तेही रेट्रोफिटच. सरकारी काम असल्याने सॉफ्टवेअर सगळ्यांना मोकळे होते. पुढे स्वयंसेवकांनी ते वाढवले, आणि ईएमसी नावाच्या डेटा स्टोअरेज कंपनीशी नावाचा वाद उद्भवल्यावर २०११ मध्ये ते लिनक्ससीएनसी झाले.

त्याची ताकद अशी की ते कुठल्याही लोखंडाशी जुळवून घेते; डीसी ड्राइव्हचे १० व्होल्टही चालतात. पण पीसी एकटा पुरत नाही. १० मिलिमीटर पिचचा स्क्रू आणि २५०० पल्सचा एन्कोडर घेतला, तर चौपट मोजणीने एका फेऱ्याला १०,००० खुणा होतात, म्हणजे एक खूण एक मायक्रॉनची. मिनिटाला २० मीटरच्या रॅपिडमध्ये सेकंदाला तीन लाख तेहतीस हजार खुणा येतात. हे मोजणे पीसीच्या प्रोसेसरचे काम नाही. त्यासाठी मेसासारख्या कंपनीचे एफपीजीए कार्ड लागते, आणि पीसी फक्त मिलिसेकंदाला एकदा हिशेब करतो. जुन्या प्रिंटर पोर्टवरून माक३ चालवून अडीच-तीन टनांच्या मशिनला स्टेपर मोटर लावणारे महाभाग आहेत. स्टेपरने पाऊल चुकवले की साध्या रचनेत कंट्रोलला कळतच नाही, आणि कळते ते जॉब भंगारात गेल्यावर. राउटरला ठीक, उद्योगातल्या मिलिंग मशिनला नको.

खुल्या वाटेची खरी किंमत पैशात नसून माणसात आहे. कारखान्यात एकजण असा हवा की ज्याला ती कॉन्फिगरेशन फाइल आपली वाटते. असा माणूस असेल, टूलरूम असेल, मशिन एका पाळीत चालत असेल, तर ही वाट सरस. नसेल तर जो बसवून गेला तोच मालक होतो.

आता त्या तिसऱ्या गोष्टीकडे, जिच्यात रेट्रोफिटचे सगळ्यात जास्त दिवस जातात आणि जिच्याबद्दल माहितीपत्रकात एक ओळही नसते: टूल चेंजर. अक्ष हलवणे आता सोपे झाले आहे. मोटर जुळली, पॅरामीटर भरले की अक्ष एक-दोन दिवसांत नाचू लागतो. पण एम०६ म्हटल्यावर काय काय घडते ते पाहा. झेड अक्ष टूल बदलण्याच्या उंचीवर जातो. स्पिंडल ठरलेल्या कोनात थांबतो, कारण बीटी ४० टेपरच्या खाचा आणि स्पिंडलच्या चाव्या समोरासमोर आल्याशिवाय टूल बसणार नाही. मॅगझिनमधला पॉट खाली झुकतो. आर्म फिरून एकाच वेळी दोन्ही टूल पकडतो. ड्रॉबारवरच्या डिस्क स्प्रिंग दाबल्या जातात, टूल सुटते, आर्म खाली येतो, अर्धा फेरा फिरतो, वर जातो, स्प्रिंग पुन्हा आवळतात, आर्म घरी परततो. प्रत्येक पायरीला एक प्रॉक्झिमिटी किंवा लिमिट स्विच हमी देतो, आणि हमी मिळाल्याशिवाय पुढची पायरी नाही.

हा सगळा क्रम जुन्या कंट्रोलच्या ईप्रॉममध्ये लॅडरच्या रूपात होता. तो वाचता येत नाही, छापील प्रत हरवलेली असते, आणि मशिन बनवणारी कंपनी कधीकधी उरलेलीच नसते. म्हणून तो नव्याने लिहावा लागतो. चांगला इंजिनिअर आधी आर्म हाताने एकेक पायरी फिरवतो, कोणत्या पायरीला कोणता दिवा लागतो याचा तक्ता करतो, मगच लॅडर उघडतो. वाईट इंजिनिअर मेलेल्या सेन्सरच्या जागी टायमर टाकतो: ‘दोन सेकंदांत टूल सुटतेच.’ उन्हाळ्यात सुटते. थंडीच्या सकाळी हवेचा दाब कमी असताना सुटत नाही, आणि आर्म अडकलेल्या टूलला ओढतो.

आणखी एक प्रश्न हमखास विसरला जातो: अर्ध्यात वीज गेली तर? दोन टूल आर्मच्या पंज्यात, स्पिंडल रिकामा, आणि पॉवर परत आल्यावर कंट्रोलर समजतो की सगळे घरी आहे. नव्या लॅडरमध्ये एकेक पायरी पुढे-मागे नेणारी हाताची पद्धत असलीच पाहिजे. आर्मवाल्या मॅगझिनमध्ये टूल मूळ पॉटमध्ये परत जात नाही, ज्याची जागा रिकामी त्याच्यात जाते. कोणते टूल कुठे याची यादी वीज गेल्यावरही टिकली पाहिजे. ती नाही टिकली तर सोमवारी सकाळी पाच मिलिमीटरच्या ड्रिलच्या जागी फेस कटर येतो. गिअरबॉक्सवाल्या स्पिंडलचे गिअर बदलताना स्पिंडल हलके हलवत दात जुळवणे, लुब्रिकेशनचा ठराविक अंतराने येणारा झटका, दाराचा इंटरलॉक हेसुद्धा याच खात्यात. म्हणून कोटेशन तपासताना ‘पीएलसी प्रोग्रॅमिंग’ हा एका ओळीचा मुद्दा असेल तर सावध व्हावे.

विजेच्या बाजूचे थोडक्यात. जपानहून आलेल्या मशिनला तीन फेज २०० व्होल्ट लागतात, युरोपच्याला ३८० किंवा ४००. ट्रान्सफॉर्मर ठेवायचा की नव्या ड्राइव्हबरोबर काढायचा हे आधी ठरवावे. जुन्या पॅनेलमध्ये ११० व्होल्ट एसीचे काँटॅक्टर असतात, नवी कंट्रोल २४ व्होल्ट डीसीवर बोलते. मध्ये रिले येतात आणि प्रत्येक रिलेच्या कॉइलला डायोड हवा, नाहीतर रिले सुटताना एन्कोडरमध्ये भुताटकी होते. स्पिंडलच्या व्हीएफडीची केबल आणि एन्कोडरची केबल एकाच पत्र्याच्या नाळीतून नेली, की कारण सापडायला आठवडा जातो. अर्थिंग जुनेच वापरण्याचा मोह टाळावा.

दोन गोष्टींवर तडजोड नाही. झेड अक्षाचा ब्रेक: ड्राइव्ह चालू होऊन मोटरने भार पेलल्यावरच ब्रेक सुटला पाहिजे, आणि बंद होताना आधी ब्रेक लागून मग ड्राइव्ह सुटला पाहिजे. क्रम उलटा झाला तर काही शे किलोचा हेड खाली घसरतो, आणि खाली ऑपरेटरचा हात असू शकतो. दुसरे, आणीबाणीचे लाल बटण तारेतूनच सेफ्टी रिलेवर गेले पाहिजे. सॉफ्टवेअरने ते ‘वाचून’ मशिन थांबवणे म्हणजे अडकलेल्या पीसीला नम्रपणे विनंती करणे.

आणि मग प्रोग्रॅम. पंधरा वर्षांचे सिद्ध झालेले प्रोग्रॅम नव्या कंट्रोलवर जसेच्या तसे चालतील असे सगळे गृहीत धरतात. दशांशचिन्हाकडे पाहा. फॅनुकच्या अनेक जुन्या मशिनवर एक्स१०० असे चिन्हाशिवाय लिहिले की त्याचा अर्थ ०.१ मिलिमीटर; एक्स१००. असे बिंदूसह लिहिले की १०० मिलिमीटर. काही कंट्रोल दोन्हींचा अर्थ १०० मिलिमीटरच घेतात. फॅनुकवर हे एका पॅरामीटरने बदलते, आणि नवी कंट्रोल कशी ठरवली आहे हे बसवणाऱ्याला विचारल्याशिवाय कळत नाही. ड्रिलिंगच्या सायकलमध्ये क्यूला, म्हणजे एका पेकच्या खोलीला, दशांश नसेल, तर पेकिंग मायक्रॉनचे होते किंवा ड्रिल एकाच दमात पूर्ण खोली उतरतो. मॅक्रो, प्रोब, टूल लांबीचे ऑफसेट यांच्या बोलीही वेगळ्या. म्हणून पहिले काही दिवस प्रत्येक जुना प्रोग्रॅम हवेत, सिंगल ब्लॉकवर, फीडच्या नॉबवर हात ठेवून चालवायचा. हायडेनहाइनवर वाढलेल्या सेटरला जी-कोडवर आणायचे असेल, किंवा उलट, तर त्याला शिकण्याचा वेळ पगारात धरायचा.

शेवटचा हप्ता देण्याआधी हातात काय असावे, एवढे राहिले. कंट्रोलचा पूर्ण बॅकअप, पॅरामीटर आणि टूल टेबलसह. लॅडरची मूळ फाइल, नुसती मशिनमध्ये भरलेली नव्हे, संपादन करता येईल अशी, आणि तिला पासवर्ड असेल तर तो पासवर्ड. तारांना लावलेल्या नंबरांशी जुळणारा इलेक्ट्रिकल ड्रॉइंगचा संच. आणि बसवून झाल्यानंतरचा बॉलबारचा आलेख. बसवणारा पासवर्ड द्यायला कां-कूं करत असेल, तर उरलेला हप्ता थांबवून ठेवायला कुणाची हरकत नसावी.